केतकी अजून पोचायची आहे

बावीस फेब्रुवारीला सकाळी सव्वाअकरा वाजता माझी बायको केतकी चौदा महिन्यांनी दक्षिण ध्रुवाकडून नाशिकला घरी परत आली. तब्येत उत्तम होती. नाकाचं टोक सोललेलं होतं.

हे वाक्य आता खोडून टाकू. केतकी आलेली नाही. बावीस फेब्रुवारी हा दिवस उगवला, दूधवाला आला, नळाला पाणी आलं, केतकी आली नाही. यापुढे कुणीही विचारलं तर मी हेच सांगणार आहे, आणि तुम्हीही तेच सांगितलंत तर उपकार होतील. असं का, ते कळायला चौदा महिने मागे जावं लागेल.

मी सुयोग बोरस्ते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत चातक मोबाईल्स नावाची कंपनी आहे, तिच्या प्रतीक्षा विभागात मी काम करतो. फोन बनवणारे लोक खालच्या मजल्यावर बसतात, त्यांना फारसं कुणी विचारत नाही. आम्ही वर बसतो. लोकांना वाट बघायला लावणं हे आमचं काम.

पूर्वी कंपन्या वर्षाला एक फोन काढायच्या. मग सहा महिन्यांनी एक निघू लागला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की माणसाला फोनपेक्षा फोनची वाट बघणं जास्त आवडतं. हातात आल्यावर तिसऱ्या दिवशी तो नुसता फोन होतो. (नव्याचे नऊ दिवस ही म्हण आमच्या आकडेवारीनुसार सहा दिवसांनी चुकीची आहे.) त्यानंतर पुढच्याची वाट बघण्याचा जोर साधारण सव्वीस दिवस टिकतो, मग माणूस हळूहळू शहाणा व्हायला लागतो. तीन आणि सव्वीस एकोणतीस. विभागप्रमुखांनी पंचांग उघडलं आणि वेळापत्रक आयतं मिळालं. तेव्हापासून चातकचा नवा फोन दर पौर्णिमेला येतो, आणि त्याला महिन्याचंच नाव असतं. चातक फाल्गुनमध्ये कॅमेरा डावीकडे होता. चातक चैत्रमध्ये उजवीकडे गेला. वैशाखात तो मध्ये आला तेव्हा नांदूर नाक्यापर्यंत रांग होती.

दर महिन्याला फोनबद्दल काहीही न सांगणारं एक वाक्य लिहायचं, एवढीच माझी जबाबदारी होती. सोबत काळ्या पार्श्वभूमीवर फोनची नुसती कड दिसायची. पौष महिन्यात लोक नवी वस्तू घ्यायला कचरतात, म्हणून मी लिहिलं होतं, ‘घेऊ नका. नुसतं बघा.’ ते फार चाललं.

केतकीचं काम याच्या बरोबर उलट. ती बर्फाला खोल भोक पाडून त्यात अडकलेली जुनी हवा बाहेर काढते आणि मोजते. तिथे लाख वर्षांच्या मागचंच सगळं, पुढच्या महिन्याचं काही नाही. दक्षिण ध्रुवाजवळच्या आपल्या संशोधन केंद्रावर तिची निवड झाली तेव्हा ती तीन दिवस हसत होती, चौथ्या दिवशी मला बघून थांबली.

निघायच्या सकाळी ती बॅगेवर बसली होती आणि मी चेन ओढत होतो.

“दोन महिन्यांत विसरशील मला,” ती म्हणाली.

“नाही विसरणार.”

“पुरावा?”

“पुरावा कसला? मी सांगतोय ना.”

“तू जाहिराती लिहितोस, सुयोग. तुझं सांगणं धरत नाहीत.”

“मग काय धरतात?”

“आकडा धरतात. सलग घेतलेला. तारीखवार.” चेन लागली. ती बॅगेवरून उठली नाही. “मला तिथे सहा महिने अंधार आहे. हातात काहीतरी पाहिजे.”

तिचं हे बोलणं मी मनावर घेतलं. घ्यायला नको होतं.

तिथून फोन फक्त रविवारी दुपारी, दहा मिनिटं. बोललेलं पोचायला दीड सेकंद लागायचा, म्हणजे मी विनोद केला की तीन सेकंदांनी हसू यायचं. आधीही साधारण तेवढाच वेळ लागायचा, त्यामुळे पहिल्या रविवारी मला ती शेजारच्या खोलीत असल्यासारखीच वाटली. फोन ठेवल्यावर मी शेजारच्या खोलीत जाऊन आलो.

त्याच आठवड्यात ऑफिसच्या फळ्यावर नोटीस लागली. ‘ज्यांचं कोणी लांब आहे त्यांनी डॉ. पेंढारकर मॅडमकडे नावं द्यावीत.’

शलाका पेंढारकर मॅडम मेंदूच्या डॉक्टर. त्यांनी ओढ मोजायचं यंत्र शोधलं होतं. माणसाला कुणाची तरी आठवण आली की तळहात किंचित ओलावतो, नाडी एक ठोका उशिरा पडते, श्वास मध्येच अडतो आणि अंगठा पडद्यावर सरकता सरकता मंदावतो. हे चारही एकत्र आले की ती ओढ. भूक, भीती किंवा बॉस यांच्यापासून ती वेगळी ओळखता येते. फोनच्या पाठीत बसवलेली पट्टी हे सगळं तळहातातून टिपते. एककाचं नाव तहान. एक तहान म्हणजे लग्नाच्या पंगतीत जिलेबीवाला आपल्यापासून दोन पानं अलीकडे येऊन परत फिरला की माणसाला जे होतं, तेवढं. प्रयोगशाळेत त्यासाठी खरोखर पंगत बसवली होती. मी तिसऱ्या पानावर होतो.

“म्हणजे मला किती आठवण येते ते यात आकड्यात दिसेल?” मी विचारलं.

“दर तासाला,” मॅडम म्हणाल्या. “आलेख काढून देऊ. मात्र दर महिन्याचा फोन वापरावा लागेल, आणि पडद्यावर मधूनमधून आपलीच जाहिरात दिसेल. चालेल ना?”

“जाहिरात मीच लिहितो, मॅडम.”

“मग काय प्रश्नच नाही,” त्या म्हणाल्या, आणि मी सही केली. संमतीपत्र बावीस पानांचं होतं. लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना आपण जेवढं लक्ष देतो तेवढं देऊन मी ते वाचलं.

दर रविवारी सकाळी मी केतकीला आठवड्याचा आलेख पाठवू लागलो. पहिल्या महिन्यात सरासरी नऊ तहान. दुसऱ्यात तेरा.

“बरी वाढतेय,” ती म्हणाली. आवाजात हसू होतं. “इथे सगळ्यांना दाखवला मी. आमचा स्वयंपाकी म्हणतो, असा नवरा हवा.”

“त्याला सांग, मी आहे.”

तीन सेकंद. “त्याला तू वरणाला फोडणी देतोस का ते कळायला हवंय.”

पुढे काय झालं ते साध्या भाषेत सांगतो. मला ते फार नंतर कळलं, तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं.

आठवण ही कपाटात ठेवलेल्या वस्तूसारखी नसते. ती पाकिटासारखी असते. दरवेळी आठवलं की पाकीट उघडतं, आपण वाचतो, आणि मेंदू ते पुन्हा चिकटवून ठेवतो. उघडल्यापासून चिकटेपर्यंत काही मिनिटं जातात, आणि तेवढ्या वेळात त्याच्यावर नवं काही लिहिलं तर तेही कायमचं राहतं. हे विज्ञानाला बरीच वर्षं माहीत होतं. पेंढारकर मॅडमचा शोध त्याच्या पुढचा. त्यांना आढळलं की आत जी ओढ असते तिच्यावर कुणाचं नाव नसतं. नाव बाहेर, पाकिटावर असतं. पाकीट उघडं असताना पन्नासेक वेळा दुसरं नाव दाखवलं, की आतली ओढ तीच राहते आणि पत्ता बदलतो.

तर मला केतकीची आठवण आली की हातातला फोन ते ओळखायचा, आणि पाकीट उघडं असेतो पडद्यावर पुढच्या फोनची काळी कड दाखवायचा. खाली माझंच वाक्य.

तेवढ्यावर भागलं असतं तर कदाचित वेळ लागला असता. पण मी मदत केली. महिन्याला एक वाक्य म्हणजे थोडं वाटतं, पण फोनबद्दल काही न सांगणारी वाक्यं संपतात. वैशाखात माझी संपली. विभागप्रमुख दारात उभे, पौर्णिमा परवावर, आणि मी केतकीला आदल्या दिवशी पाठवलेला मजकूर माझ्यासमोर उघडा. त्यात होतं, ‘तुझ्या बाजूची खिडकी मी अजून उघडत नाही.’ मी ‘तुझ्या’चं ‘त्याच्या’ केलं आणि देऊन टाकलं. फोनला खिडकी नसते, बाजू नसते. लोकांनी अर्थ विचारला नाही. विक्री दुप्पट झाली.

चोरी आपल्याच घरातली होती, त्यामुळे चोरी वाटली नाही. जूनमध्ये मी तिला लिहिलं, ‘तू आलीस की घरातलं घड्याळ बरोबर चालेल.’ महिन्याभरात ते चातक आषाढवर होतं. हळूहळू मी तिला लिहितानाच बघू लागलो, कुठलं वाक्य किती लांबीचं बसेल.

त्या वर्षी अधिक महिना होता. पंचांगाने कंपनीला फुकट दिलेली एक जास्तीची पौर्णिमा. जावयाला धोंड्याच्या महिन्यात वाण देतात, म्हणून आम्ही खास ‘चातक अधिक’ काढला. मागचं कव्हर अनारशासारखं जाळीदार, खसखशीसकट. जेल रोडला राहणाऱ्या माझ्या सासूबाईंनी मला रीतसर जेवायला बोलावलं, ताटाभोवती रांगोळी काढली, आणि तेहतीस अनारशांच्या शेजारी तो फोन ठेवला.

“केतकी असती तर तिने ठेवला असता,” त्या म्हणाल्या. “बसा जावईबापू.”

मी बसण्याआधी खोकं उघडलं. सासूबाई वाढायच्या थांबल्या, मग पुन्हा वाढू लागल्या.

त्यांच्याकडेही चातक होता, मीच दिलेला. गंमत म्हणून मी त्यांचा आकडा बघितला.

“आई, तुमची तहान शून्य येतेय.”

“आत्ताच पाणी प्यायले.”

“तशी नाही. केतकीची आठवण किती येते त्याचा आकडा आहे हा. शून्य.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी फोन उलटा केला. खोक्यातून आला तेव्हाचं पातळ प्लॅस्टिक पाठीवर तसंच होतं, वरून क्रोशाची पिशवी. पट्टीला इतक्या महिन्यांत त्यांचा तळहात लागलाच नव्हता.

“हे काढायचं असतं, आई.”

“राहू दे. केतकी येईल तेव्हा नवा दिसला पाहिजे.” त्यांनी पुरणाच्या धोंड्यावर तूप सोडलं. “मी रोज दिवेलागणीला तिच्या खोलीतला दिवा लावते आणि पाच मिनिटांनी बंद करते. काही उपयोग नाही त्याचा. तुम्हाला येते ना तिची आठवण?”

मी नवा फोन पुसून त्यांच्यापुढे धरला. “एक्केचाळीस, आई. आजचा आकडा.”

“आकडा कशाला दाखवताय,” त्या म्हणाल्या. “मी विचारलं, तर हो म्हणायचं.”

मी हो म्हणालो. पण आकडा जास्त मोठा वाटला.

श्रावणात बावन्न, आश्विनात साठ. कंपनीच्या बैठकीत माझा आलेख भिंतीवर लावायचे. मी केतकीला पाठवायचो. तिकडून पूर्वीसारखं हसू येईना, पण मला वाटलं थंडी असेल.

पौषातल्या एका रविवारी तिने नमस्कार-चमत्कार न करताच सुरुवात केली.

“सुयोग, काल तुझ्या आलेखावर बसले होते.”

“बर्फ संपला वाटतं.”

तीन सेकंद गेले. हसू नाही.

“यात एक ठेका आहे. एकोणतीस दिवसांचा. आधी वाटलं यंत्राची चूक. मग तेरा शिखरं मोजली. तेराही पौर्णिमेच्या आदल्या दिवशी.”

“चंद्राचा परिणाम असेल. काहींवर होतो.”

“तू काय समुद्र आहेस?”

मी आलेख समोर घेतला.

“माझा फोन रविवारी येतो,” ती म्हणाली. बर्फाच्या नळकांड्याबद्दल बोलावं तशी बोलत होती, खालून वर, थर मोजत. “सुरुवातीला रविवारी छान टेकड्या आहेत. फाल्गुनात लहान झाल्यात. चैत्रापासून सपाट. मागच्या महिन्यात वादळामुळे दोन रविवार फोन लागला नाही ना, तेव्हाही सपाट. तुझ्या लक्षात आलं होतं का, फोन आला नाही ते?”

पहिल्या रविवारी माझ्या लक्षात संध्याकाळी आलं होतं. दुसऱ्या रविवारी आलं नव्हतं. ती सांगेपर्यंत, म्हणजे आत्तापर्यंत, आलं नव्हतं.

“सुयोग, हे एवढं सगळं कुणासाठी आहे?”

आता मी जाहिराती लिहितो हे खरं, पण तिला आकड्यावर खोटं सांगायची मला सवय नव्हती. आणि माझ्या हाताला घाम आला होता, पडद्यावर काळी कड उजळली होती, त्या कडेकडे बघून माझ्या छातीत जे हललं ते मी ओळखलं.

“चातक माघ,” मी म्हणालो.

हे शब्द तिकडे पोचायला दीड सेकंद लागतो. दीड सेकंद खूप असतो. ते परत बोलावण्याची कुठलीच सोय नव्हती.

“बरं,” केतकी म्हणाली. “दहा मिनिटं झाली.” सहाच झाली होती.

सोमवारी मी पेंढारकर मॅडमसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांना वाईट वाटलं, आणि आनंदही झाला, कारण पत्ता इतका स्वच्छ बदललेला माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

“उलटं करता येईल,” त्या म्हणाल्या. “तुमच्या फोनमध्ये मी बदल करून देते. फोनची ओढ वाटली की पडद्यावर तुमच्या बायकोची कड दिसेल. पन्नास वेळा, कदाचित साठ. पण एक अट आहे. ज्याचा पत्ता लिहायचा ते लांब पाहिजे. समोर असलेल्या माणसाची मेंदू ओढ धरत नाही, बोरस्ते. मिळालं की तो हिशोब बंद करतो. कधी येतायत त्या?”

“महिन्याभराने.”

“लवकर येतायत,” त्या म्हणाल्या. चौदा महिन्यांनी येणाऱ्या बायकोबद्दल असं म्हणणाऱ्या त्या बहुधा पहिल्याच.

केतकीचा पाठमोरा फोटो दिला, पण ध्रुवावरच्या जाड कोटात ती काळी केल्यावर गिर्यारोहकाच्या पाठीवरच्या पिशवीसारखी दिसायची. तीन आठवड्यांत मला एक-दोनदा प्रवासाला जावंसं वाटलं, बाकी काही नाही. तरी मी मनाशी धरलं होतं की ती दारात दिसली की सगळं आपोआप होईल. शरीराला कळेल. शरीर काय बावीस पानं वाचत नाही.

बावीस फेब्रुवारीला माघी पौर्णिमा होती. सव्वाअकराला बेल वाजली.

(हे झालेलं नाही हे लक्षात ठेवा.)

दारात केतकी होती, दोन बॅगा घेऊन, आणि तिच्या मागे एक पायरी खाली कुरिअरचे पन्नाशीचे गृहस्थ. त्यांच्या हातात खोकं. कंपनी कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी घरपोच पाठवते. माझा श्वास अडला. नाडीचा ठोका चुकला. चौदा महिने मी ज्याची वाट बघत होतो ते आलं होतं, आणि माझा हात पुढे गेला. कुठल्या बाजूला गेला, ते आम्ही तिघांनीही पाहिलं.

“साहेब, आधी मॅडमना आत घ्या,” कुरिअरवाले म्हणाले. “सही नंतर केली तरी चालेल.”

केतकी आत आली. बॅगा तिनेच ओढल्या. मी चहा केला, आलं घातलं, साखर कमी, सगळं बरोबर आठवत होतं. आठवणीला काही झालं नव्हतं. तिचा वाढदिवस, तिची शिंक, लग्नात ती अक्षता चुकवायला कशी वाकली होती, सगळं जागच्या जागी. फक्त त्यातलं काहीच मला ओढत नव्हतं. आपल्याच गावातून एसटी न थांबता पुढे जावी आणि आपण आतून घरं ओळखत बसावं, तसं.

“मुंबई नाक्यावर तुझं पत्र वाचलं,” ती कप हातात धरून म्हणाली. “चाळीस फुटी होतं.”

आषाढातलं वाक्य चाललं म्हणून माघाला पुन्हा लावलं होतं. ‘तो आला की घरातलं घड्याळ बरोबर चालेल.’

“जूनमध्ये पाठवलं होतंस मला. तिथे जूनमध्ये सूर्य नसतो. मी ते झोपायच्या पिशवीला आतून लिहिलं होतं, डोक्याजवळ. वाचायला दिवा लागायचा नाही, बोटाने कळायचं.”

“केतकी, तेव्हा ते तुलाच लिहिलं होतं.”

“माहितीये. तारीखवार आहे माझ्याकडे.” तिने चहा संपवला. सोललेल्या नाकावरून एक थेंब ओघळला तो तिने बाहीला पुसला, ध्रुवावर पुसत असावी तसा, लगेच, गोठायच्या आत. “मॅडम काय म्हणाल्या होत्या? नीट सांग. शब्दाला शब्द.”

मी सांगितलं.

“पन्नास वेळा?”

“कदाचित साठ.”

“आणि मी लांब पाहिजे.”

“हो.”

“मग मी आलेच नाही,” ती म्हणाली आणि उठली. “आईकडे जाते. जेल रोड. तू मला पाहिलं नाहीस. रविवारी दुपारी फोन करीन, दहा मिनिटं.”

“अकरा किलोमीटर फक्त आहे ते.”

“आधी दहा हजार होतं, त्याचा काय उपयोग झाला?” दारात ती थांबली. “आणि मला लिहिलंस तर ते दुसरीकडे कुठे लावू नकोस. ते माझं आहे.”

मी बॅगा खाली नेऊन दिल्या. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होतो. नुसता बघत होतो, एवढंच नमूद करतो. चातक माघ मी खोक्यातच ठेवून कंपनीला परत केला. दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायला गेलो, तर विभागप्रमुख म्हणाले, एक महिन्याची नोटीस लागते, आणि तो महिना कसा वाटतो ते आम्हाला मोजायला आवडेल.

पहिल्या रविवारी फोन आला. मी “बोल” म्हणालो. ती तीन सेकंद थांबली. मुद्दाम. त्या थांबण्याने मला बरं वाटलं.

“थंडी आहे का?” मी विचारलं.

“उणे तीस. आज आम्ही बाहेर पडलो नाही.”

मागून मोठ्याने आरोळी आली.

“हे कोण ओरडतंय?”

“पेंग्विन.”

“मेथी दहाला जुडी म्हणतोय.”

तीन सेकंद. “इकडचे म्हणतात.”

मग सासूबाईंचा आवाज आला, फोनपासून लांब, पण ऐकू यावा एवढा जवळ. “चौदा महिन्यांनी पोरगी आली आणि हे दोघं खेळ मांडून बसलेत. सांग त्यांना, भरीत केलंय, या म्हणावं.”

“आमच्या स्वयंपाक्याने वांग्याचं भरीत केलंय,” केतकी म्हणाली. “तुला आवडतं ते. तू असतास तर.”

फोन ठेवला. पाठीची पट्टी तळहाताला होती. आकडा शून्य पूर्णांक तीन. पौर्णिमेला अजून बरेच दिवस होते, पडद्यावर कसलीही कड नव्हती, आणि तरी शून्य पूर्णांक तीन. जिलेबी फार लांबच्या पंगतीत असावी. पण होती. तो आकडा मी केतकीला पाठवला नाही. शेजारच्या खोलीत जाऊन मात्र आलो.

काल मोहिमेच्या कार्यालयातून एक नमुना आला. परतलेल्या प्रत्येकाच्या घरच्या माणसाने त्यावर सही करून पाठवायची असते, की सदर व्यक्ती सुखरूप पोचली. तीन दिवसांत द्यायचा आहे. मी सही करू शकत नाही. उत्तर तयार केलं आहे, ते असं :

प्रति,
मा. उपसंचालक, ध्रुवीय मोहीम कार्यालय

विषय : सौ. केतकी सुयोग बोरस्ते पोचल्याची पोच न देण्याबाबत.

महोदय,

आपला नमुना मिळाला. त्यासंदर्भात कळविण्यात येते की, सदर व्यक्ती ही दिनांक बावीस फेब्रुवारी रोजी केवळ शरीराने दाखल झालेली असून, ती ज्या पत्त्यावर पोचणे अपेक्षित होते तो पत्ता अर्जदाराच्या चुकीमुळे सध्या दुसऱ्याच्या नावावर आहे. दुरुस्तीचे काम चालू आहे. आजअखेर पन्नासपैकी एक नोंद झाली आहे. या कामी सदर व्यक्तीची हरकत नाही. तिच्या मातोश्रींची आहे.

तरी आपल्या दप्तरी तिची नोंद ‘परतीच्या वाटेवर’ अशीच ठेवावी, पोचण्याची अंदाजे तारीख अर्जदारास कळवू नये, आणि ती निघाली आहे एवढ्याच मजकुराचे पत्र आपल्या सही-शिक्क्यानिशी दर महिन्यास, शक्यतो पौर्णिमा टाळून, अर्जदारास पाठवीत राहावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
सुयोग बोरस्ते